वैजयंताचा वकील

सकाळी साडेनऊ वाजता वैजयंता शिंत्रे स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती आणि त्याच वेळी तिच्या तीन मुलाखती चालू होत्या. एक कागलला, एक चाकणला आणि एक थेट होसूरला. तिन्हीकडे तिचाच आवाज बोलत होता, न अडखळता, न घाबरता. तिला स्वतःला मात्र काळजी एवढीच होती की मेथीत माती फार आलीय.

कंपन्यांनी पहिली फेरी माणसांशी घेणं सोडून दिल्याला आता पाच वर्षं झाली होती. उमेदवारानं आपली प्रशस्तिपत्रं, कामाच्या नोंदी, आवाजाचे नमुने आणि चारशे प्रश्नांची उत्तरं एकदा भरून दिली की त्यातून त्याचा 'प्रतिभाषी' तयार व्हायचा. म्हणजे त्याच्या आवाजात, त्याच्या वतीनं बोलणारा संगणकी प्रतिनिधी. कागदोपत्री नाव प्रतिभाषी. लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा 'वकील' करून टाकला. फरक इतकाच की या वकिलाला खोटं बोलायला कायद्यानं बंदी होती. नोंदीत असेल तेच सांगायचं, नसेल तर 'नोंद नाही' म्हणून मोकळं व्हायचं.

पण माणूस कायद्यापेक्षा हुशार. कोल्हापूरच्या राजारामपुरीत वकिलाला झिलई करून देणारी दुकानं निघाली होती. तिथली पोरं नोंदी अशा काही मांडून द्यायची की ज्यानं आयुष्यभर हजेरीपत्रकं लिहिली तो 'मनुष्यबळाचा अभ्यासक' व्हायचा. तुमचा दोष कोणता, असं विचारलं की झिलई केलेले सगळे वकील एकच उत्तर द्यायचे: मी कामात फार बारकाईनं लक्ष घालतो, हाच माझा दोष. वैजयंतानं झिलई केली नव्हती. अकरा वर्षं एकाच फाउंड्रीत लोखंड ओतायच्या साच्यांची वाळू तपासली, यावर कसली झिलई चढवायची, असं तिला वाटायचं. ती फाउंड्री आठ महिन्यांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून तिचा वकील बावीस मुलाखती हरला होता.

दुपारी निरोप आला. कागलच्या 'हिरण्यकेशी कास्टिंग्ज'नं तिला समोरासमोर बोलावलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता. निरोपाखाली एक ओळ होती: आपल्या प्रतिभाषीचा प्रभाव सर्व उमेदवारांत प्रथम.

नवरा प्रकाश एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. त्यानं ती ओळ तीनदा वाचली. "बावीस वेळा आपटला, आणि आता एकदम पहिला? काय बोलला काय हा?"

"काय की," वैजयंता म्हणाली. "असेल तेच बोलला असेल."

तिला ही नोकरी किती हवी होती ते प्रकाशला ठाऊक होतं. जिल्ह्यात वाळूसाठी माणूस ठेवणारी ही एकच फाउंड्री उरली होती. ही गेली तर चाकण किंवा होसूर, म्हणजे घर सोडून परमुलूख. नाहीतर नणंदेच्या दुकानात साड्यांच्या घड्या. घड्या घालायला तिची ना नव्हती. पण आठ महिने झाले तरी रस्त्यात कुठं बांधकामाचा ढीग दिसला की तिचा हात आपोआप वाळूकडे जायचा, हेही त्यानं पाहिलं होतं.

शुक्रवारी निघताना तो म्हणाला, "वकिलानं निम्मी लढाई मारलीय. आता तू जास्ती बोलू नको. ते विचारतील त्याला मान डोलव. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती हसली आणि बस पकडायला निघाली.

हिरण्यकेशीच्या स्वागतकक्षात तिला पाणी दिलं, चहा दिला, आणि एक छापील कागद दिला. "तुमच्या वकिलानं दिलेली उत्तरं आहेत," तिथली मुलगी म्हणाली. "वाचा आणि बरोबर असेल तर खाली सही करा. सही झाली की मॅडम आत बोलावतील."

पहिली सहा उत्तरं साधी होती. सातवा प्रश्न असा होता: यंत्राचं मापन न मानता तुम्ही स्वतःच्या बुद्धीनं निर्णय घेतलात, असा एखादा प्रसंग सांगा. त्याखाली तिच्या वकिलाचं उत्तर.

'नऊ वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या पूजेत आमचे ज्येष्ठ मिस्त्री दत्तोबा आरगे यांनी चुकून ओलावामापकाच्या काचेला कुंकू लावलं. सुट्टीनंतर मापक चुकीचं मापन देऊ लागला आणि वाळूत पाणी जास्त पडलं. लोखंडाचा रस ओतण्यापूर्वी मी वाळू हातानं तपासली, ती ओली असल्याचं ओळखलं आणि ओतकाम थांबवलं. अकरा कामगारांचे प्राण वाचले. कंपनीनं तसं प्रशस्तिपत्र मला दिलेलं आहे.'

वैजयंतानं चहाचा कप खाली ठेवला. कागदावरचा शब्द न् शब्द नोंदीत होता. आणि त्यातलं मुख्य तेच खरं नव्हतं.

ती त्या फाउंड्रीत लागली तेव्हा भट्टीकडे बाईमाणूस म्हणून ती एकटी. पहिल्या दिवशी कुणी बोलेना, बसायला जागा देईना. दत्तोबा मिस्त्रींनी कुठूनसं एक स्टूल आणलं, वाळू मळायच्या यंत्राशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "हितं बस. ही तुझी जागा." झालं, त्यानंतर ती जागा तिचीच झाली. त्यांनी तिला मूठ शिकवली. काळी वाळू मुठीत घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे वळ गोळ्यावर स्वच्छ उमटले पाहिजेत. मग गोळा मधून मोडायचा. कड धारदार राहिली तर वाळू तयार; ढासळली तर कोरडी; तळव्याला चिकटली तर ओली. कॉलेजात जे दोन वर्षांत कळलं नव्हतं ते तिला त्या स्टुलावर दोन महिन्यांत कळलं. दुपारी दत्तोबा स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता तिच्या झाकणात ठेवायचे, हे वेगळंच. ती त्यांना मामा म्हणायची.

मग नवा ओलावामापक आला. तो वाळूवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकायचा आणि त्यातला किती परत येतो ते मोजायचा. पाणी तो प्रकाश पिऊन टाकतं. म्हणून प्रकाश कमी परतला तर वाळू ओली, जास्त परतला तर कोरडी. कोरडी दिसली की यंत्र आपणहून पाणी सोडायचं. वैजयंताला त्या मापकाचं फार कौतुक. त्या वर्षी खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हार घातले, नारळ फोडला, आणि तिनं हौसेनं आपल्या लाडक्या मापकाच्या काचेलाच, बरोबर मधोमध, ओल्या बोटानं कुंकू लावलं. यंत्राला डोळा आहे, मग त्याला टिळा नको का? तिच्या आईनं जात्याला लावलं असतं तसंच तिनं लावलं.

नवमी गेली, दसरा गेला, कुंकू काचेवर वाळून घट्ट बसलं. कामाच्या पहिल्या दिवशी मापकाचा बराचसा प्रकाश वाळूपर्यंत पोचायच्या आधीच कुंकवावरून मागं फिरू लागला. यंत्राला वाटलं, वाळू ठणठणीत कोरडी. आकडा जुळेपर्यंत ते पाणी सोडत राहिलं. शेवटी पडद्यावर आकडा अगदी बरोबर दिसत होता आणि वैजयंता तो आकडा वहीत लिहीत होती. मूठ दाबून पाहायचं तिच्या मनातही आलं नाही. चौदाशे अंशांचा रस ओल्या साच्यात पडला तर आतलं पाणी क्षणात वाफ होतं आणि तापलं लोखंड माणसांच्या अंगावर उडतं. रसाचा डबा साच्यावर आलाही होता. दत्तोबा सहज शेजारून जात होते, सवयीनं त्यांनी एक मूठ उचलली आणि ओरडले, "थांबवा. वतू नका."

अर्ध्या तासानं मालक माणगावकर लालबुंद होऊन खाली आले. काचेवर कुंकू कुणी लावलं, असं त्यांनी विचारलं. वैजयंताचं तोंड उघडायच्या आत दत्तोबा बोलले, "मी लावलं, मालक. म्हातारपण. आणि ह्या पोरीनं मूठ दाबून वळखलं म्हणून निभावलं, न्हाईतर आज काय खरं नव्हतं." त्याच आठवड्यात मालकांनी त्यांना घरी बसवलं. साठी उलटूनही वर्षानुवर्षं कामावर ठेवून घेतलेल्या मिस्त्रींचा दोन महिन्यांनी होणारा निरोप समारंभ झाला नाही, शाल-श्रीफळ झालं नाही. तिला मात्र प्रशस्तिपत्र मिळालं.

ती रडत वडणग्याला त्यांच्या घरी गेली होती. "मामा, एक खोटं बोललात ते बोललात, दुसरं कशाला?" दत्तोबा शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "येकटं खोटं लंगडतंय. दोन असली की येकमेकाला धरून चालत्यात. माझं झालंय आता, पोरी. तुला अजून लई वर्सं त्या स्टुलावर बसायचंय. ह्यातलं कुटं बोलायचं न्हाई, माझी आन हाय." तिनं आण पाळली. प्रकाशलाही सांगितलं नाही. त्या दिवसानंतर रोज मूठ दाबल्याशिवाय तिनं एकही आकडा वहीत लिहिला नाही, आणि दर वेळी मूठ उघडताना तिला त्यांची आठवण व्हायची. खाल्लेल्या प्रत्येक घासावर त्यांचं नाव आहे, असं तिला मनापासून वाटायचं.

वकिलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बिचारा नोंदीला धरून बोलला होता. बावीस वेळा हा प्रश्न कुणी विचारला नाही, तेविसाव्यांदा विचारला, एवढंच.

सही न करता तिनं कागद हातात घेतला आणि ती आत गेली.

कारखानाप्रमुख मृणालिनी हेरवाडकर पन्नाशीच्या होत्या. केस आखूड, मनगटावर जुन्या भाजल्याचा डाग. त्यांनी खुर्ची दाखवली. "या, शिंत्रेबाई. तीनशे चाळीस वकील ऐकले मी. सगळे बारकाईनं लक्ष घालणारे. तुमच्या सातव्या उत्तरावर मी टेबलावरचं बाकीचं काम बाजूला ठेवलं. माझ्या वाळूघरात सोळा मापक आहेत आणि सगळे एकमेकांच्या हो ला हो करतात. मला असं माणूस पाहिजे, जे त्यांना विचारेल की बाबांनो, नक्की का? आता सही झाली की संपलंच."

सही केली की संपलंच. वैजयंताला नवऱ्याचं बोलणं आठवलं, आण आठवली. मामांनी हे तिच्यासाठीच केलं होतं. सही केली तर त्यांच्याच मनासारखं होणार होतं. पण आता गोष्ट माणगावकरांच्या फाउंड्रीपुरती राहिली नव्हती. तिचा वकील तिच्या आवाजात, तिच्या भाकरीसाठी, मामांना चुकीचे धनी ठरवत गावोगाव फिरणार होता. ज्यानं अकरा माणसं वाचवली त्याचं नाव कुंकू लावणारा म्हातारा म्हणून राहणार होतं.

"मॅडम, सातवं उत्तर उलटं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कुंकू मी लावलं. मूठ त्यांनी दाबली."

मग तिनं सगळं सांगितलं. स्टूल, भाकरी, शेंगा, आण, काहीच वगळलं नाही. बोलणं संपलं तेव्हा हेरवाडकरांच्या टेबलावरच्या पडद्यावर एक तांबडी पट्टी आली होती: उमेदवार आणि प्रतिभाषी यांच्या कथनात विसंगती. शिफारस: नाकारा.

"हे असं होणार, ठाऊक होतं तुम्हाला?"

"होय. आमच्या ओळखीत दोघांचं असं झालंय."

"मग कशाला सांगितलंत? कुणाला कळलं नसतं."

"नऊ वर्षं त्यांचं खातेय, मॅडम. आज पोटभर झालं असतं, पण घशाखाली गेलं नसतं."

हेरवाडकरांनी चष्मा काढून पुसला. "नोंद दुरुस्त करता येते. पण ती दुसऱ्या माणसाबद्दल असेल तर त्याची साक्ष लागते. आहेत का हे आरगे मिस्त्री?"

"आहेत. ब्याऐंशी वर्षांचे. ऐकायला जरा कमी येतं."

फोन लावला. पलीकडे आधी कोंबडी ओरडली, मग नातसुनेचा आवाज आला, मग खणखणीत म्हातारा आवाज. हेरवाडकरांनी दोनदा आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि विचारलं, "वैजयंता शिंत्रे म्हणतात की मापकाला कुंकू त्यांनी लावलं होतं. खरं आहे का हे?"

दत्तोबांनी प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला. मग म्हणाले, "न्हाई ओ बाईसाहेब. मीच लावलं. पोरगी येडी हाय. माझं नाव जाऊ न्हाई म्हनून आपल्या अंगावर घेतीया."

"मामा," वैजयंता म्हणाली, "आता पुरे झालं."

"तू गप. तिकडं मुलाखतीला गेलीस न्हवं? मग मुलाखत दे की." आणि पुन्हा हेरवाडकरांना, "वाळू कुनी वळखली म्हनून इचारा. तिनंच वळखली. मी तवा तंबाखू मळत हुतो. लिवून घ्या."

पडद्यावरची पट्टी तांबडीची पिवळी झाली, पुन्हा तांबडी झाली. आवाजावरून खरं-खोटं ताडणारी कंपनीची यंत्रणा चांगली महागडी होती. तिनं वैजयंताच्या बोलण्याला ब्याण्णव टक्के खरं ठरवलं आणि दत्तोबांच्या बोलण्याला एक्क्याण्णव. इतकी वर्षं तेच सांगून म्हाताऱ्याचं खोटं मुरलेल्या लोणच्यासारखं झालं होतं. शेवटी यंत्रणेनं निकाल दिला: निर्णय मानवी अधिकाऱ्यानं घ्यावा, कारण लिहावं.

हेरवाडकर हसू लागल्या. हसता हसता त्यांनी, पदर नव्हता म्हणून, डोळ्यांना हातरुमाल लावला. "मिस्त्री," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "या खोलीत मी श्रेयासाठी भांडणारी शेकड्यानं बघितली. चुकीसाठी भांडणारी आज पहिल्यांदा बघतेय."

"त्ये ऱ्हाऊ द्या," दत्तोबा म्हणाले. "पोरीला घेताय न्हवं?"

"घेतेय."

"मग बास." फोन बंद झाला.

हेरवाडकरांनी कारणाच्या चौकटीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. पट्टी हिरवी झाली. नियुक्तिपत्र देताना त्या म्हणाल्या, "एक सांगते. तुम्हाला चूक कबूल करायला नऊ वर्षं लागली. माझ्याकडे वाळू चुकली तर तासाभरात सांगायचं."

"तासभर कशाला, मॅडम," वैजयंता म्हणाली. "लगेच सांगेन."

"आणि मिस्त्रींना एकदा इथं घेऊन या. शाल-श्रीफळ आमच्याकडून. नकार दिला तर म्हणावं, बाईसाहेबांची आन आहे."

बाहेर कडक ऊन पडलं होतं. फाटकाजवळच्या थांब्यावर बसताच वैजयंताला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. आठ महिन्यांची काळजी उतरली होती, पण रडू त्याचं नव्हतं. ब्याऐंशीव्या वर्षीसुद्धा एक माणूस तिच्यासाठी बिनदिक्कत खोटं बोलला होता, आणि दुसऱ्या एका बाईनं ते ओळखूनही त्याला खोटारडा म्हटलं नव्हतं. आपण असं काय केलंय म्हणून आपल्या वाट्याला ही माणसं आली, तेच तिला कळत नव्हतं. प्रकाशला फोन करून तिनं फक्त, "मिळाली. घरी येऊन सगळं सांगते. पण आधी वडणग्याला जाऊन येते," एवढंच सांगितलं.

तेवढ्यात वकिलानं हाक मारली. तिचाच आवाज, कानात.

"आजचं बोलणं मला नोंदीसाठी मिळालं आहे. पण दोन कथनं जुळत नाहीत. तुम्ही म्हणता, चूक तुमची आणि तपास दत्तोबांचा. दत्तोबा म्हणतात, चूक त्यांची आणि तपास तुमचा. पुढे कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

वैजयंतानं डोळे पुसले. आपलं सांग म्हणावं तर मामा खोटे पडतात. त्यांचं सांग म्हणावं तर आजची सगळी सकाळ वाया. समोरून कोल्हापूरची बस वळताना दिसली, तशी ती उठून उभी राहिली.

"दोन्ही सांग," ती म्हणाली. "मी काय सांगितलं ते सांग, मामांनी काय सांगितलं ते पण सांग. काही वगळू नकोस."

बस थांबली, दार उघडलं, तिनं पायरीवर पाय ठेवला, तेव्हा तो बोलला.

"नोंद केली. पण मग ऐकणाऱ्यानं विश्वास कुणावर ठेवायचा?"